ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडताना: ऊस वाहतुकीतली बिनचूक आणि झटपट जोडणी

ऊस वाहतुकीत खेपा कमी पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा रस्त्यावर नसतं. वेळ खाल्ला जातो तीन ठिकाणी: फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना, कारखान्याच्या यार्डात नंबराला थांबताना आणि पाणंदीच्या तोंडाशी दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडताना. पहिल्या दोन गोष्टी चालकाच्या हातात फारशा नाहीत. तिसरी पूर्णपणे आहे. सरावलेले चालक आणि जोडीदार पाच-सात मिनिटांत मागची ट्रॉली जोडून मोकळे होतात, आणि तिथंच दुसरी जोडी अर्धा तास मागं-पुढं करत डिझेल जाळते. हुक तोच, ट्रॉली तीच. फरक पडतो तो मागची ट्रॉली आधी कुठं आणि कशी उभी केली यानं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

कुठली ट्रॉली कुणाच्या मागं

चारचाकी ट्रॉलीत पुढचा अ‍ॅक्सल टर्नटेबलवर (गोल फिरत्या चकतीवर) फिरतो आणि ओढायची दांडी त्या टर्नटेबलला बिजागरीसारखी जोडलेली असते. मालाचं वजन चारही चाकांवर बसतं. हुकावर येते ती दांडीच्या वजनाचा थोडा भाग आणि ओढ. दोनचाकी ट्रॉलीचं गणित वेगळं. तिचा अ‍ॅक्सल मध्याच्या जरा मागं असतो, त्यामुळं मालाचा काही भार दांडीवाटे हुकावर येतो. एकट्या ट्रॉलीला हे चांगलंच, कारण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते.

घोटाळा होतो तो दुसरी जोडताना. दोनचाकी ट्रॉलीच्या शेपटाला आणखी एक दोनचाकी अडकवली की मागचीच्या दांडीचा भार पुढचीच्या अ‍ॅक्सलच्या मागं पडतो. त्यानं पुढच्या ट्रॉलीचं तोंड वर उचलायला बघतं, ट्रॅक्टरच्या हुकावरचा भार कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर किंवा चढाला मागची चाकं जागेवर फिरतात. म्हणून दोनचाकीमागं दोनचाकी हा जोड टाळाच. दोन्ही चारचाकी असतील तर उत्तम. एक दोनचाकी असेलच तर ती ट्रॅक्टरला लावा आणि चारचाकी तिच्या मागं.

जास्त भरलेली ट्रॉली नेहमी पुढं. मागची जड असली की ती शेपटासारखी डावी-उजवीकडं हलते आणि ब्रेक मारल्यावर पुढचीला ढकलते. फडात भरतानाच याचा हिशेब करावा लागतो. आधी भरून बाहेर जाणारी ट्रॉली मागं राहणार असते, तेव्हा ऊसतोड टोळीला सांगून ती जरा कमी भरून घ्या आणि दुसरीत दोन थर जास्त घाला. अर्थात जास्त म्हणजे ट्रॉलीच्या क्षमतेच्या आत. मुकादमाशी हे फडात शिरण्यापूर्वीच बोललेलं बरं. मोळ्या चढल्यावर बोलून काही उपयोग नसतो.

हंगामाआधीची तपासणी

खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालायच्या आधी हुक, दांडीच्या टोकाची रिंग आणि दोन्हींना जोडणारी पिन यांच्याकडं नीट बघून घ्यावं. हंगाम लागला की त्यासाठी कुणाला सवड मिळत नाही.

ट्रॅक्टरचा हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापेक्षा खाली हवा. ओढ त्याच्या वर गेली की चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. याच कारणानं टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला ट्रॉली कधीही अडकवू नये. खालच्या दोन लिंकांमधली भोकांची पट्टी अवजारांसाठी असते. हायड्रॉलिकबरोबर ती वर-खाली होते आणि बाजूलाही सरकते. रिकाम्या ट्रॉलीला चालून जातं म्हणून कुणी ती वापरतो, मग भरलेलीलाही तीच सवय लागते.

दुसऱ्या ट्रॉलीची सगळी ओढ पुढच्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर येते आणि तिथून तिच्या चॅसिसमधून ट्रॅक्टरपर्यंत पोहोचते. हा हुक नुसता मागच्या आडव्या अँगलला वेल्ड केलेला असेल तर तो एक दिवस अँगलसकट निघून येणार. हुकाची प्लेट चॅसिसच्या दोन्ही लांब चॅनेलना तिरप्या पट्ट्यांनी बांधलेली हवी. तडा गेलाय का हे ओळखायची खूण सोपी आहे: वेल्डिंगच्या कडेला रंग केसासारखा फुटलेला असतो आणि त्या रेषेतून तांबूस गंज खाली ओघळलेला दिसतो. चिखल धुऊन, बॅटरीचा झोत तिरका धरून बघा, समोरून बघितलं तर दिसत नाही. तडा सापडला तर त्याच्यावरून नुसतं वेल्डिंग ओढून घेऊ नका. ग्राइंडरनं तडा तळापर्यंत खोलून काढायचा, मग भरायचा आणि वरून जोडपट्टी द्यायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत हे काम रोजचं आहे, तिथं जाताना फक्त “तडा खोलून भरा” एवढं आवर्जून सांगायचं.

पिनीवर बहुतेक जण पैसे वाचवतात आणि तिथंच फसतात. बांधकामाच्या सळईचा तुकडा ही पिन नव्हे. सळई भोकात ढिली बसते, तिच्या अंगावरचे काठ झिजतात आणि धक्क्यानं ती वाकते. वाकलेली पिन निघता निघत नाही. ईएन-८ प्रतीच्या पोलादाची, वर डोकं आणि खाली क्लिपसाठी आरपार भोक असलेली पिन लेथवर करून घ्या. अतिकडक पाणी दिलेली पिन नको, ती वाकायच्या ऐवजी तुटते. पिनीचा वरचा न झिजलेला भाग आणि मधला रिंगेत बसणारा भाग कॅलिपरनं मोजा. दहावा हिस्सा झिजला की पिन बाद. म्हणजे ३२ मिमीची पिन मधे २९ च्या खाली गेली की ती भंगारात. पेटीत ठेवून देऊ नका, अडचणीच्या रात्री कुणीतरी तीच काढतो.

रिंग आणि पिन यांच्यात दोन-तीन मिमी मोकळीक लागतेच, नाहीतर वळणात रिंग अडकते. पाच-सहा मिमीच्या वर गेली की प्रत्येक गिअरला “ठण्” असा धक्का बसतो आणि हा धक्का हुकाच्या वेल्डिंगला खातो. रिंगेत बुश (आतली नळी) बसवून घेतला की काम भागतं.

टर्नटेबलला ग्रीस द्या आणि मधला मोठा बोल्ट ढिला नाही ना ते बघा. रिकाम्या ट्रॉलीची दांडी दोघांनी धरून डावी-उजवीकडं फिरवली की ती सहज फिरली पाहिजे. मधेच “कट” आवाज करून अडकत असेल तर बॉल फुटलेत किंवा पट्टी वाकलीय.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळं अपघात होतात आणि जी फुकटात नीट होते: ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल रस्त्यावर पट्टीनं एकमेकांना जोडलेले हवेत. शेतात वळायला ते सुटे ठेवतात. सुटे पेडल घेऊन रस्त्यावर आलात आणि घाईत एकच दाबला गेला, तर एकाच बाजूचं चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागच्या दोन ट्रॉल्या त्याच्यावर येतात. फडातून डांबरीवर आलात की पहिल्यांदा पेडलची पट्टी लावा, मग बाकी सगळं.

मागचे दिवे का पेटत नाहीत

दुसऱ्या ट्रॉलीचे दिवे हा हंगामातला कायमचा रडका विषय. त्याची दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे अर्थ, म्हणजे करंट परत यायची वाट. बऱ्याच ट्रॉल्यांत अर्थची वेगळी वायरच नसते, करंट परत येतो तो रिंग, पिन आणि हुकातून. ग्रीस, गंज आणि चिखलातून येताना तो अडखळतो. गाडी हलली की दिवा लागतो, थांबली की विझतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लॅम्पच लुकलुकतो. असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका, अर्थची स्वतंत्र वायर ओढा.

दुसरं कारण बारीक वायर. १२ व्होल्टच्या यंत्रणेत ब्रेकचे २१ वॉटचे दोन बल्ब साडेतीन अँपियर करंट घेतात. ट्रॅक्टरपासून मागच्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत वायर १५ मीटर भरते आणि परतीची अर्थ तेवढीच. ०.७५ चौरस मिमीची वायर असेल तर वाटेतच अडीच व्होल्ट जातात आणि बल्बचा उजेड निम्म्याखाली येतो. १.५ चौरस मिमी वापरली तर हे नुकसान निम्मं होतं. २.५ ची टाकलीत तर प्रश्नच मिटला. किंवा एलईडी दिवे बसवा, त्यांना करंटच कमी लागतो.

इंडिकेटरचंही गणित करून ठेवा. ट्रॅक्टरचा पुढचा-मागचा आणि दोन ट्रॉल्यांचा एकेक धरला तर एका बाजूला २१ वॉटचे चार बल्ब, म्हणजे ८४ वॉट, सात अँपियर. कंपनीचा साधा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) एवढ्यासाठी नसतो. तो वेडावाकडा लुकलुकतो किंवा जळतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकला की झालं.

जोडणीसाठी सात पिनांचा सॉकेट वापरा आणि दोन्ही ट्रॉल्यांत रंगांचा क्रम एकच ठेवा. प्रचलित क्रम असा: १ पिवळी डावा इंडिकेटर, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. दोन नंबर मागच्या फॉगलॅम्पसाठी असतो, तो मोकळा राहिला तरी चालतो. एकदा हा क्रम पाळला की कुठलीही ट्रॉली कुठल्याही ट्रॅक्टरला लागते, आणि डावा इंडिकेटर दिल्यावर उजवा पेटत नाही.

दिवे कितीही चांगले असले तरी उसाची वाढी (शेंड्याचा पाला) त्यांच्यावर लोंबतात. म्हणून रिफ्लेक्टर पट्ट्या: मागं लाल, बाजूला पिवळ्या, पुढं पांढऱ्या. फाळक्याच्या (ट्रॉलीच्या उघडत्या बाजूच्या) वरच्या कडेला लावलेली पट्टी उसाखाली झाकली जाते, ती चॅसिसच्या खालच्या कडेला लावा. चिखलानं माखते म्हणून दर खेपेला फडक्यानं पुसा.

मागची ट्रॉली उभी करणं

आता मूळ मुद्दा. चारचाकी ट्रॉली मागं घेणं अवघड असतं, कारण ती दोन ठिकाणी मोडते: हुकापाशी एकदा आणि टर्नटेबलपाशी दुसऱ्यांदा. तीन-चार मीटर मागं घेतलं की दांडी दुमडायला लागते. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असताना तर मागं घ्यायचा विचारसुद्धा करू नये. म्हणजे सगळी आखणी अशी हवी की जोडताना मागं जायचं ते कमीत कमी आणि सरळ रेषेत असेल.

मागं राहणारी ट्रॉली फडातून आधी बाहेर काढा. रस्त्यावर आल्यावर प्रवासाच्या दिशेनं तोंड करून, डाव्या कडेला, निदान वीस-पंचवीस मीटर सरळ ओढत नेऊन उभी करा. हे सरळ ओढणं महत्त्वाचं, कारण पाणंदीतून वळून आलेल्या ट्रॉलीचं टर्नटेबल तिरकं असतं. रिकामी असताना दांडी हातानं सरळ करता येते. भरलेल्या ट्रॉलीचं टर्नटेबल चार माणसांनाही हलत नाही. दांडी तिरकी ठेवून निघून गेलात तर जोडताना तो अर्धा तास तुम्हीच लावून घेतलात.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. ट्रॉलीच्या पुढं पंचवीस मीटर मोकळा, सरळ रस्ता. जमीन सपाट आणि कडक. शिरोळ-हातकणंगलेकडच्या काळ्या रानात कडेची माती वरून वाळलेली दिसते आणि भरली चाकं रात्रीत रुततात. आणि उजवीकडून दुसरी ट्रॉली घेऊन पुढं जाता येईल एवढी रुंदी. पुलाचं तोंड, वळण आणि चढाची टोकं टाळा. ट्रॉली उभी केल्याबरोबर चारही चाकांना लाकडी ठोकळे, पुढून आणि मागून. दांडी जमिनीवर टाकू नका, तिच्या स्टँडवर किंवा साखळीनं हुकाच्या उंचीला टेकवून ठेवा. ट्रॅक्टरचा हुक आणि पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक एकाच उंचीला असले की दांडीचं स्टँड एकदाच बसवावं लागतं. स्टँडच्या नळीवर त्या उंचीला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून ठेवा, रात्री कामाला येतो.

मग पुढची ट्रॉली घेऊन या, उभ्या ट्रॉलीच्या उजवीकडून पुढं जा आणि तिच्याच रेषेत डावीकडं या. रेषेत आल्यावर आणखी वीस-पंचवीस मीटर सरळ जायचं असतं, पण मागची ट्रॉली तर मागंच राहिली! इथं नवे चालक हमखास घोटाळतात. उपाय एकच: ओलांडताना लवकर रेषेत या. उभ्या ट्रॉलीला अगदी लगटून जा, म्हणजे बाजूला सरकायचं अंतर कमी होतं आणि दहा-बारा मीटरमध्ये टर्नटेबल सरळ होतं. उभी ट्रॉली कडेला जितकी नीट लावलेली, तितकं हे सोपं. त्यातूनही सरळ झालंच नाही, तर मागं-पुढं करत बसण्यापेक्षा ट्रॅक्टर सोडवा, वळवून आणा आणि मागच्या ट्रॉलीलाच पुढं ओढून पहिलीच्या रेषेत न्या. वेळ कमी लागतो. याला कमीपणा मानणारे चालक दांड्या वाकवतात.

रिकाम्या ट्रॉल्या वाड्यावर किंवा यार्डात हलवायच्या असतील तर ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरचा हुक वापरा. दांडी समोर दिसते, स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळतं आणि ट्रॉली बोटभर इकडं-तिकडं करता येते. भरलेल्या ट्रॉलीला मात्र हे नको, पुढच्या अ‍ॅक्सलला तो भार सोसत नाही.

जोडणी

१. जोडीदाराची जागा आधी ठरवा. तो चालकाच्या बाजूला, ट्रॉलीच्या कडेनं, आरशात दिसेल असा उभा राहणार. दोन ट्रॉल्यांच्या मधे नाही, दांडीवर पाय ठेवून नाही, दांडी हातात धरून तर मुळीच नाही. “येऊ दे… येऊ दे… बास!” हे ओरडणं इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून हातवारे किंवा शिट्टी ठरवून घ्या. जोडीदार आरशात दिसेनासा झाला की चालकानं थांबायचं, त्याला विचारायच्या आधी.

२. सर्वात खालच्या रिव्हर्स गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न देता मागं या. हाफ क्लचवर नको. रिंग हुकाच्या दोन प्लेटांमध्ये शिरताना दिसली की थांबा. चार बोटं कमी राहिलं तर चालतं, पण जास्त गेलं तर दांडी वर चढते किंवा स्टँड मोडतं.

३. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. यानंतरच जोडीदार मधे जाईल. इंजिन चालू ठेवून “फक्त पिन टाकायचीय” म्हणत मधे शिरणं हा या धंद्यातला सर्वात महागडा आळस आहे.

४. रिंग दोन बोटं इकडं-तिकडं असेल तर पहारीनं दांडी सरकवा. बोट घालून भोकं जुळलीत का ते बघू नका, पहारीचं टोक किंवा पिनीचं टोकच घाला.

५. पिन वरून खाली घाला, म्हणजे क्लिप निघाली तरी ती वजनानं जागेवर राहते. खाली क्लिप लावा. खिळा, बांधणीची तार किंवा पान्याचा तुकडा लावला की धक्क्यांनी तो झिजतो, मग निघून पडतो. क्लिप साखळीनं हुकालाच बांधलेली ठेवा.

६. आता खाली वाका आणि बाजूनं बघा. ही पायरी गाळून टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो. पिन दोन्ही प्लेटांतून गेलेली असते, डोकं वर दिसतं, क्लिप खाली दिसते, सगळं बरोबर वाटतं. आणि रिंग मात्र पिनीच्या मागं नुसती टेकून असते. भोकातून पिन गेलेलीच नसते. अशी ट्रॉली पहिल्या धक्क्याला सुटते. वरून हे दिसत नाही. बाजूनं बॅटरी मारली की रिंगेच्या भोकातली पिन दिसली पाहिजे.

७. सुरक्षेच्या साखळ्या. दोन असाव्यात, दांडीच्या खालून फुलीसारख्या ओलांडून जोडाव्यात. पिन गेली तर दांडी या फुलीवर टेकते, रस्त्यात रुतत नाही. लांबी एवढी की पूर्ण वळणात ताण येऊ नये आणि सरळ चालताना जमिनीला लागू नये. दुसऱ्या ट्रॉलीला या साखळ्या पहिलीपेक्षा जास्त गरजेच्या आहेत, कारण ती सुटली तर ट्रॅक्टरच्या आवाजात चालकाला कळतही नाही.

८. सॉकेट लावा, वायर दांडीला दोन ठिकाणी बांधा, वळणापुरता झोल ठेवा. ट्रॉलीला एअर किंवा हायड्रॉलिक ब्रेक असेल तर त्याच्या नळ्या पुसून जोडा. चिखलाचा एक कण आत गेला तरी कपलर गळायला लागतो.

९. ओढून बघा. ठोकळे चाकांच्या पुढं असतानाच पहिल्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा, पिनीवर ताण आला की थांबा, पुन्हा इंजिन बंद करून खाली बघा.

१०. स्टँड वर घेऊन लॉक करा आणि शेवटी ठोकळे काढा. आधी नाही. ठोकळे मोजून पेटीत टाका, कमी भरला तर तो अजून चाकाखाली आहे.

निघण्याआधी एक फेरी: दोन्ही ट्रॉल्यांचे दिवे, टायर, व्हील नट आणि दोन ट्रॉल्यांमधली जागा. पुढच्या ट्रॉलीच्या मागून आणि मागच्या ट्रॉलीच्या पुढून उसाची टोकं बाहेर आलेली असतात. सरळ उभं असताना मधे हातभर जागा दिसते, पण वळणात आतली बाजू मिटते आणि टोकं एकमेकांत घुसतात. मग मोळ्या उपसल्या जातात, दोर तुटतो. निदान दोन हात मोकळे हवेत. नसतील तर टोकं कोयत्यानं छाटा.

रस्त्यावर

पहिल्या किलोमीटरनंतर थांबून दोन्ही पिनांच्या क्लिपा आणि दोर बघा. नवीन बसवलेल्या चाकांचे नट पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

वळण मोठं घ्या. प्रत्येक ट्रॉली पुढचीपेक्षा आतून जाते, त्यामुळं दुसरीची आतली चाकं ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा बरीच आत येतात. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर ट्रॅक्टर सुटला म्हणून पुढं गेलात की मागची ट्रॉली गटारीत. दुचाकीवाले नेमके याच आतल्या जागेतून घुसतात, वळण पूर्ण होईपर्यंत डाव्या आरशावरून नजर काढू नका.

राधानगरी, भुदरगड, पन्हाळा, शाहूवाडीकडं उतार आहेत, तिथं वेगळी शिस्त लागते. ऊस आणि ट्रॉल्या मिळून मागं २० टन असतील आणि रस्ता वीस फुटाला एक फूट उतरत असेल, तर एक टनाचा ढकल ट्रॅक्टरच्या पाठीत बसतो. ५० एचपीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनच दोन-सव्वादोन टन. म्हणून उतार लागायच्या आधी खालचा गिअर टाका. जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला. उतारावर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, न्यूट्रल तर विषयच नाही. न्यूट्रलवर वाचणाऱ्या डिझेलमधून एका टायरची किंमतसुद्धा निघत नाही. उतार मोठा असेल आणि ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतील तर एकेक ट्रॉली उतरवून खाली जोडा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

दोन ट्रॉल्या ओढायची परवानगी, प्रत्येक ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी आणि विम्यात दोन्ही ट्रॉल्यांचा उल्लेख हे कागद हंगामाआधी तपासून घ्या. विम्यात ट्रॉली नसेल तर दावा अडकतो.

सोडवताना

गव्हाणीपाशी (कारखान्यात ऊस टाकतात तिथं) एकेक ट्रॉली रिकामी होते तिथं, किंवा यार्डात, ट्रॉली सोडवायची वेळ येते. क्रम जोडणीच्या उलट: आधी ठोकळे, मग स्टँड, मग वायर आणि साखळ्या, शेवटी पिन. पिन अडकली असेल तर हातोडा मारू नका, ट्रॅक्टर दोन बोटं मागं घेऊन ताण काढा, ती हातानं निघते.

दोनचाकी ट्रॉली अर्धी रिकामी असताना सोडवू नये. पुढचा ऊस आधी निघाला आणि मागचा तसाच राहिला तर वजन अ‍ॅक्सलच्या मागं गेलेलं असतं. पिन काढली रे काढली की दांडी उसळून वर येते, आणि पिन काढणाऱ्याची हनुवटी नेमकी तिथं असते. सोडवावीच लागली तर आधी ट्रॉलीच्या शेपटाखाली टेकू द्या.

एखादी ट्रॉली रात्रभर रस्त्याकडेला ठेवावी लागली, तर चाकं डांबरीच्या पूर्ण बाहेर घ्या आणि दांडी रस्त्याच्या उलट बाजूला वळवून ठेवा. दांडीच्या टोकाला पांढरं पोतं किंवा रिफ्लेक्टर बांधा, कारण पुढून येणाऱ्या दुचाकीला ट्रॉली दिसते पण गुडघ्याच्या उंचीची दांडी दिसत नाही. मागं पंचवीस-तीस पावलांवर लाल त्रिकोण ठेवा. दगड रचून ठेवायची पद्धत सोडा, सकाळी ट्रॉली जाते आणि दगड तिथंच राहतात.